सीट वर न होणारी गाडी

उदगीरमध्ये कुणाला छोटी गाडी घ्यायची असली की तो घरात विषय काढायच्या आधी बिलकीस आपाकडे जातो. रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला तिचा ड्रायव्हिंग क्लास आहे. ती जेमतेम माझ्या खांद्याला लागते, आवाज मात्र चौकापर्यंत जातो. मी आणि माझी मैत्रीण इंदू, दोघी देवणीच्या शाळेत शिक्षिका, तिच्याकडेच गाडी शिकलो. शिकवताना ती इतकी ओरडायची की पहिल्या आठवड्यात इंदू घरी जाऊन रडली. पुढच्या आठवड्यात इंदूनं तिला भर रस्त्यात उलट उत्तर दिलं, तर आपा खूश! "हां, आता तू ट्रकवाल्यांसमोर टिकशील," म्हणाली.

आपाचे वडील ट्रकच्या बॉड्या बांधायचे. वर्कशॉपच्या आवारात अर्धवट ट्रक इकडचे तिकडे लावता लावता ही पोर स्टिअरिंग धरायला शिकली. लग्न गफूरभाईंशी झालं. ते गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. आपानं लायसन काढलं तेव्हा मोहल्ल्यात कुजबुज झाली, तर तिनं कुजबुजणाऱ्यांच्याच सुना शिकवायला घेतल्या. रागावल्याशिवाय हिला कुठलंच काम सुरू करता येत नाही, असं गफूरभाई म्हणतात, तेही ती घरात नसताना.

गाडी पारखायची तिची स्वतःची रीत आहे. कुणी रंग विचारला की ती खेकसते, "लुगडं घ्यायला आलात का?" जो चालवणार त्याला आधी सीटवर बसवते. समोरचा रस्ता बोनेटच्या किती पुढून दिसतो ते विचारते. मग गल्लीत नेऊन रिव्हर्स घ्यायला लावते, मग घरची सगळी माणसं आत कोंबून गतिरोधकांवरून नेते. त्यानंतर जे बोलायचं ते बोलते आणि तिचं बोलणं शहरात चालतं.

ती छोटी लाल हॅचबॅक बाजारात आली तेव्हा इंदूनं आपालाच विचारलं. आपाचा धाकटा भाऊ मुज्तबा लातूरला त्या कंपनीच्या शोरूमला सेल्समन आहे. त्यानं ट्रायलची गाडी उदगीरला आणली. आपानं ती दुपारभर पळवली आणि क्लासच्या पायरीवर बसून निकाल दिला.

"वळायला खारीसारखी हाय. आपल्या गल्लीत एका दमात फिरते. क्लच लोणी. मे महिन्यात एसी रडणार न्हाई, आणि गतिरोधकाला पोट घासत न्हाई. आता वाईट ऐक. पत्रा पातळ हाय. बाजूनं ट्रक गेला की थरथरते. हॉर्न म्हणजे लेकराची पिपाणी. मागं तिसरा माणूस बसवलास तर तो उतरेपर्यंत शिव्या देईल. पण तुला उदगीर-देवणी करायचं, दोघीच जाणार. घे. लई चांगली गाडी हाय."

इंदूनं घेतली. गुढीपाडव्याला गाडी दारात आली आणि आमचं एसटीच्या मागं धावणं संपलं. मी शेजारी बसायची, ती चालवायची. तिच्या सीटवर गडद निळ्या रंगाची एक जाड उशी असायची. शोरूमनं भेट दिली, रिबीन बांधून, असं तिनं सांगितलं. इंदूही बुटकीच. उशीशिवाय तिला स्टिअरिंगच्या वरून कसंबसं दिसायचं. शिकताना आपाच्या जुन्या गाडीत तो प्रश्न आलाच नव्हता, तिथं सीटच्या बाजूला दांडा होता, तो हापसला की सीट वर यायची. या गाडीला दांडा नव्हता. आम्ही त्याचा फार विचार केला नाही. उशी होती, दिसत होतं, गाडी चालत होती.

सोयाबीन निघायच्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही शाळेतून परत येत होतो. वळणाच्या पुढं पोत्यांनी भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, साधा झाडाचा फाटा सुद्धा बांधलेला नाही. इंदूनं आपानं शिकवलं होतं तसंच केलं. स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेक पूर्ण दाबला. गाडीचा वेग बराच कमी झाला, तरी आम्ही जाऊन आदळलोच. फुगे फुटल्यासारखा आवाज आला, एअरबॅग उघडल्या, आत पांढरी धूळ झाली. मला खांद्यापासून बेल्टचा चटका बसला, बाकी काही नाही.

मी इंदूकडे पाहिलं तर ती सीटवर नव्हतीच म्हणायची. ती खाली घसरली होती, गुडघे डॅशबोर्डखाली, आणि बेल्ट वर बरगड्यांशी आवळलेला. उशी तिच्याखालून सटकून पुढं पेडलजवळ पडली होती.

"मला काही झालं न्हाई गं," ती म्हणाली. मग उठायला गेली आणि तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही.

तिला लातूरला न्यावं लागलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांनी इंदूच्या नवऱ्याला, उद्धवरावांना, विचारलं, "बसायला खाली काही मऊ होतं का? बेल्टनं कमरेचं हाड धरायला हवं. इथं माणूस बेल्टखालून पुढं सरकलं आणि बेल्ट पोटात रुतला. आतडं फाटलं होतं. शिवलंय."

"उशी होती," उद्धवराव म्हणाले.

मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा आपा सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. इंदूला काचेतून पाहिलं आणि बाहेर येऊन उद्धवरावांसमोर उभी राहिली.

"कसली उशी?"

"शोरूमनं दिलेली."

"सीट वर करायचं सोडून उशी कशाला घेतली?"

"त्या मॉडेलची सीट वर होतच नाही, आपा," उद्धवराव म्हणाले. "मी वरचंच मॉडेल घेणार होतो. ते म्हणाले, मॅडम गावातल्या गावात चालवणार, बेस मॉडेल पुरे. उंची कमी आहे तर उशी देतो."

"मी चालवली ती वर होत होती!"

"ती ट्रायलची. टॉप मॉडेल."

आपा वळून काचेतून पुन्हा इंदूकडं बघायला लागली. तिनं ज्या गाडीची सगळ्या शहरात तारीफ केली होती, ती गाडी लोकांना मिळतच नव्हती. मिळत होती ती तिच्यासारखीच दिसणारी दुसरी, आणि फरक होता तो नेमका बुटक्या बाईच्या सीटचा.

"म्हणाले म्हणजे कोण म्हणालं?" तिनं विचारलं.

उद्धवरावांनी मान खाली घातली. "मुज्तबा."

मी आणि आपा तडक देवणीला गेलो. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती, नाक चेपलेलं. आपानं दार ओढून उघडलं, आत वाकली आणि पेडलजवळची उशी उचलली. झटकून उलटी केली. कडेला मरून रंगाची गोट होती, कोपऱ्याला आडवी दुहेरी शिवण. आपानं त्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहराच बदलला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही माझ्या घरात शिवलीय."

गफूरभाईंचं दुकान उदगीरला किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ते मशीनवर होते आणि मागच्या फळीवर तशाच निळ्या उशांची चळत होती. आपानं हातातली उशी त्यांच्या मशीनवर आदळली.

"ये किसके वास्ते सी रहे तुम?"

"मुज्तबाका आर्डर है," गफूरभाई गोंधळून म्हणाले. "शोरूमवाले गिराइकांना भेट देतात. पाठीला लावायची उशी म्हणून सांगितलं त्यानं. काय झालं?"

"पाठीला न्हाई, बुडाखाली देऊन राहिले ते! ही उशी घसरली आणि इंदूच्या पोटात बेल्ट घुसला. तिचं आतडं शिवलंय डॉक्टरनं. तुम्ही उशी शिवली, त्यांनी आतडं शिवलं."

गफूरभाईंनी चष्मा काढला आणि काचा पुसत बसले. आपाला तेच सहन होईना.

"बोला की काहीतरी! तुम्हाला एवढी वर्षं सीटांचं काम करून एकदा विचारता आलं न्हाई, एवढ्या उशा कशाला लागतात म्हणून?"

"विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग कात्री घेतली, फळीवरची एक एक उशी उसवली आणि आतला फोम काढून कोपऱ्यात टाकत गेले. आपा उभी राहून शेवटच्या उशीपर्यंत बघत राहिली. सगळं झाल्यावर गफूरभाई हळूच म्हणाले, "ज्यांना उशा गेल्या त्यांच्या सीटखाली लोखंडी पट्ट्या टाकून देऊ का? दोन बोटं उंच होईल."

"कंपनीचा नट काढून तुमची पट्टी लावणार? धडक बसली की बाई सीटसकट काचेतून बाहेर!" आपा इतक्या जोरात ओरडली की समोरचा पानवाला उठून बघायला लागला.

धनत्रयोदशीला शोरूममध्ये गाड्यांची डिलिव्हरी असते हे तिला माहीत होतं. इंदू तेव्हा दवाखान्यातच होती, पण धोका टळला होता, पेज घ्यायला लागली होती. मी तिला भेटायला लातूरला निघाले तेव्हा आपा माझ्यासोबत आली. दवाखान्याच्या वाटेवर मध्येच म्हणाली, "आधी शोरूमला."

शोरूममध्ये झेंडूची तोरणं, ओळीनं उभ्या गाड्या, प्रत्येकीवर सॅटिनचं कापड. नारळ फुटत होते, फोटो निघत होते. मुज्तबानं आपाला दारातच पाहिलं आणि तो पुढं आला.

"आपा, आज नक्को. घरी बोलू."

"घरी बोलायची गोष्ट तू दुकानात विकलीस. मी दुकानातच बोलणार."

एक जोडपं लाल गाडीशेजारी उभं होतं, साहेबराव आणि त्यांची बायको उमाबाई. उमाबाई अंगणवाडीत काम करणाऱ्या, आपापेक्षाही बुटक्या. नुकतीच पूजा झालेली, हातात किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती. ड्रायव्हरच्या सीटवर रिबीन बांधलेली निळी उशी.

"ताई, गाडी कोण चालवणार?" आपानं विचारलं.

"मीच की. ह्यांना येत न्हाई," उमाबाई म्हणाल्या.

"मग बसा. उशी काढून बसा."

उमाबाई बसल्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, मान उंच केली. "बाई गं. मला तर रस्ताच दिसंना."

"आता बेल्ट लावा." बेल्ट त्यांच्या गळ्याला टेकला. आपानं सगळ्यांना दिसेल असा तो बोटानं उचलून धरला. "आता उशीवर बसा." बसल्या. आपानं सीटवर एक हात टेकवला आणि उशीला पुढं नुसता हिसका दिला. उमाबाई सर्रकन पुढं सरकल्या आणि खालचा बेल्ट त्यांच्या पोटावर चढला. त्या घाबरून हसल्या. मग त्यांचं हसू गेलं.

"अशीच एक बाई इथून जवळ दवाखान्यात पडलीय," आपा म्हणाली. आता भोवती माणसं जमली होती. "गाडीला नावं ठेवायला आले न्हाई मी. गाडी चांगलीच हाय, म्हणून तर डोकं फिरतं. एवढी चांगली गाडी बनवली आणि एक दांडा काढून घेतला. कुणासाठी? जिला तो लागतो तिच्यासाठीच. पुरुष आला की टॉप मॉडेल दाखवता, बाई चालवणार म्हटलं की बेस मॉडेल पुरे! बाईचं पोट काय दुय्यम असतं का?"

काचेच्या केबिनमधून मॅनेजर आला. मिहिर नावाचा, तरुण, कोटावर कंपनीचा बिल्ला.

"मॅडम, प्लीज. सीट हाइट ॲडजस्टमेंट वरच्या मॉडेलला आहे. तो कंपनीचा निर्णय असतो. आणि उशी ही फक्त सदिच्छा भेट आहे, ती सीटवर ठेवा असं आम्ही कुठंही लिहून दिलेलं नाही."

"लिहून दिलं न्हाई, तोंडानं सांगितलं. ह्यानं सांगितलं." तिनं मुज्तबाकडे बोट केलं. "सांगितलं का न्हाई तू?"

मुज्तबानं मॅनेजरकडे पाहिलं, मग फरशीकडे. "मैं तो बोला नहीं, आपा," तो म्हणाला. "त्यांनी स्वतः ठेवली असेल."

आपाचा हात उठला. मी तो धरला.

"मग पाटी लावा," ती मिहिरला म्हणाली. "दारावर लिहा, बुटक्या बायकांना इथं गाडी मिळणार न्हाई. तेवढं तरी खरं लिहा."

तेवढ्यात साहेबराव पुढं आले. "साहेब, ही गाडी आम्हाला नको. सीट वर होणारी द्या. वरचे पैसे भरतो."

मागून आणखी एक बाई म्हणाली, "आमची पण बदला."

मिहिरचा चेहरा उजळला. त्यानं मुज्तबाला खूण केली, साहेबरावांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपाकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? आमच्या कुणाला जमलं नसतं ते तुम्ही दहा मिनिटांत केलं. टॉप मॉडेलसाठी आम्ही गळा कोरडा करतो. तुम्ही रविवारी येत जा ना. तुमचंही बघू काहीतरी."

मी आपाला खूप चिडलेलं पाहिलंय, पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गाडीतली उशी उचलली आणि मिहिरच्या छातीवर फेकली. त्यानं ती झेलली.

"मी तुमचा माल विकायला आले न्हाई," ती एवढंच म्हणू शकली. गार्डनं आम्हाला बाहेर काढायच्या आधी आम्हीच निघालो.

दवाखान्यात जाईपर्यंत ती रिक्षात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती. "मी भांडले त्यांच्याशी, आणि फायदा पण त्यांचाच करून आले."

शोरूमनं त्यानंतर उशा देणं बंद केलं. आता छत्री देतात. बेस मॉडेलला दांडा अजून नाही. मुज्तबा ईदला शीरखुर्मा घेऊन आला, आपानं डबा ठेवून घेतला, पण त्याला बस म्हणाली नाही. "तू माझ्याशी खोटं बोललास ते सोड," म्हणाली, "त्या बाईला जाऊन भेटलास का?" तो भेटला नव्हता.

इंदू बरी झाली, शाळेत येऊ लागली, पण जड काही उचलता येत नाही. लाल गाडी दुरुस्त होऊन आली आणि अंगणात उभी राहिली. इंदू तिच्यात बसायची आणि किल्ली न फिरवताच उतरायची. विकायचं ठरलं तेव्हा गिऱ्हाईक आणलं तेही आपानंच. देवणीच्या सरकारी दवाखान्यातली नर्स कशिश, मूळची किनवटची, चांगली उंचपुरी. आपानं तिला सीटवर बसवलं, बेल्ट लावायला लावला आणि चारही बाजूंनी फिरून पाहिलं. बेल्ट खांद्यावर नीट, कमरेवर नीट, समोरचा रस्ता स्वच्छ.

"तुला ही बसते," आपा म्हणाली. "हिची धडक झालेली हाय, ते लपवणार न्हाई. चेसिसला काही झालेलं न्हाई, मी खाली पडून बघितलंय. गावाकडं जाशील तेव्हा नांदेड सोडलं की ट्रक लागतात, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि तुझ्या घरच्या कुठल्याही बुटक्या बाईला ही चालवायला द्यायची न्हाई. उशी घालून तर अजिबातच न्हाई."

कशिशनं गाडी नेली. इंदू फाटकापर्यंत गेली आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तिला ती गाडी आवडायची, हे मला माहीत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूच म्हणाली, "मला पुन्हा चालवायचीय." लातूरच्या त्या शोरूमचं नाव कुणी काढलं नाही. उद्धवराव आणि आपा धरून आम्ही चौघं नांदेडला गेलो, दुसऱ्या कंपनीच्या दुकानात. सेल्समननं उद्धवरावांना हात मिळवला आणि त्यांनाच विचारलं, "सर, काय बजेट आहे?"

"चालवणार मी आहे," इंदू म्हणाली. "मला सांगा."

त्यानं डिस्प्लेची गाडी उघडली. आपा मध्ये पडली. "ही टॉप. तुमची बेस मॉडेल कुठं हाय?"

"ती यार्डात असते मॅडम. सारखीच आहे."

"सारखीच असेल तर आणायला काय हरकत हाय?"

त्यानं खूप आढेवेढे घेतले. आपा डिस्प्लेच्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसली. शेवटी यार्डातून एक पांढरी, धुळीनं भरलेली, प्लॅस्टिक न काढलेली गाडी आली. इंदू आत बसली. डावीकडं चाचपलं, मग उजवीकडं. हाताला दांडा लागला. तिनं तो हापसला, पुन्हा हापसला, आणि ती हळूहळू वर आली. बेल्ट लावला तर तो खांद्यावर आणि कमरेवर बसला, पोटावर नाही.

"आपा," ती आतून म्हणाली, "बेस मॉडेललाही दांडा हाय."

मला वाटलं आपा खूश होईल. तिनं दार उघडून दांडा स्वतः हापसून पाहिला आणि तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे घालता येतो!" ती ओरडली. "सगळ्यात स्वस्त गाडीत पण घालता येतो!"

सेल्समन दचकून मागं सरला. आपानं पर्समधून फोन काढला आणि मुज्तबाला लावला. ईदनंतर पहिल्यांदा. "हॅलो? फोन ठेवू नको. मी नांदेडला हाय. हितं बेस मॉडेलला दांडा हाय. ऐकतोस का? तुझ्या त्या कोटवाल्याला सांग…"

फोन कानाला लावून ती दाराबाहेर गेली. मुज्तबा काय म्हणत होता ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण त्यानं फोन ठेवला नव्हता, कारण आपा बोलतच होती, पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत, मोकळा हात हवेत उडवत. इंदू सीटवरून उतरली नाही. तिनं आरसे आपल्या नजरेला लावून घेतले आणि सेल्समनला म्हणाली, "ट्रायलला हीच गाडी पाहिजे. प्लॅस्टिक काढा."